पैनगंगा ओलांडून तेलंगण

आमच्या केळापूर तालुक्यातून हैदराबादला जाणारी माणसं कमी नाहीत. कुणी दवाखान्यासाठी जातं, कुणी पोराच्या नोकरीसाठी, कुणी लग्नाच्या खरेदीसाठी. पण रात्री पांढरकवड्याला ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि पहाटे हैदराबादला उतरायचं, एवढाच तेलंगण बहुतेकांनी पाहिलेला असतो. मधलं सगळं राज्य झोपेत जातं. माझं म्हणणं असं की यवतमाळ-चंद्रपूरकडच्या माणसानं हे राज्य दिवसाउजेडी आणि रस्त्यानं पाहावं. शहर मोठं आहे, त्याला दोन-तीन दिवस द्यावेच लागतात. पण त्याच्या अलीकडे धबधबे आहेत, पलीकडे तळी आणि जंगल आहे, आणि या सगळ्याशी आपलं जुनं नातं आहे.

सहल ठरवताना आधी पाण्याचा विचार केला. कुंतलाचा धबधबा उन्हाळ्यात बारीक होतो. ऐन पावसाळ्यात पूर आला की खाली उतरूच देत नाहीत. म्हणजे भादव्याचा शेवट ते दिवाळी, हाच बरा काळ. शेतीचंही जमून आलं. यंदा सोयाबीन पेरलं नव्हतं, सगळी पऱ्हाटी आणि तूर. फवारण्या झाल्या होत्या आणि पहिला वेचा दसऱ्यानंतरच निघणार होता. मामंजींचं पित्र अष्टमीला झालं. घट थोरल्या जाऊबाईंकडे बसतात, त्यामुळे सासूबाईही मोकळ्या होत्या. बैलांचं दीर पाहणार होते.

मग वार जुळवले. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून हैदराबाद मंगळवार ते गुरुवार धरलं. आल्या वाटेनं परतायचं नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. जाताना आदिलाबाद, येताना वरंगल आणि काळेश्वर. गाडी गावातलीच, सात जणांची, भाड्याची. पिवळ्या पाटीच्या गाडीला दुसऱ्या राज्याचा कर भरावा लागतो, तो चालकानं निघायच्या आधीच भरून पावती जवळ ठेवली. तेलंगणात दसऱ्याची शाळेची सुट्टी लांब असते आणि त्या दिवसांत तळ्याकाठच्या खोल्या मिळत नाहीत, म्हणून हैदराबाद आणि लकनावरम या दोन ठिकाणच्या खोल्या आधी धरल्या. बाकी ठिकाणी गेल्यावर पाहिलं.

सोमवार : पांढरकवडा ते निर्मल

सकाळी सहाला निघालो. पाटणबोरी, पिंपळखुटी आणि मग पैनगंगेचा पूल. नदी गढूळ, दोन्ही थड्यांना भरलेली. पुलापलीकडे पाट्या तेलुगू होतात, पण शिवार तेच. काळी माती, पऱ्हाटी, मधेमधे तुरीची ओळ. आदिलाबादला नाश्त्याला थांबलो तर दुकानदार मराठीत बोलला. इथला बाजार कापसाचाच. आमच्या ह्यांनी लगेच कापसाच्या भावाची चौकशी सुरू केली आणि तिथून विजेवर आले. २०१८पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज देतात, हे ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या तोंडून ऐकताना ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्याकडे ओलिताची पाळी रात्रीची आली की टॉर्च घेऊन जावं लागतं.

आदिलाबाद सोडलं की घाट आणि सागाचं जंगल लागतं. नेरडीगोंड्याहून आत बारा किलोमीटरवर कुंतला. कडेम नदी इथं सुमारे ४५ मीटरवरून टप्प्याटप्प्यानं खाली येते. वर गाडी लावून तीनशे-चारशे पायऱ्या उतराव्या लागतात. धबधबा दिसायच्या आधी आवाज येतो. निम्म्या पायऱ्यांवर हवा गार होते आणि चष्म्यावर तुषार बसतात. सासूबाई तिथंच एका पायरीवर बसल्या. "मले इथूनच दिसते, तुम्ही जा," म्हणाल्या. खाली पाणी काळ्या खडकावर आपटून पांढरं होतं, एका कपारीत फिरतं आणि पुन्हा पुढची उडी घेतं. जवळच महादेवाचं स्थान आहे, सोमेश्वर म्हणतात. महाशिवरात्रीला इथं गर्दी उसळते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. या पाण्यात उतरू नका. डोह शांत दिसतो, पण खडक शेवाळलेले आहेत आणि इथं आजवर किती तरी तरुण पोरं बुडाली आहेत. आम्ही होतो तेव्हाही रखवालदार सारखी शिट्टी वाजवत होता आणि चार-पाच पोरं तरी पुढे सरकत होती. पोराबाळांचा हात धरून काठावरून पाहिलं तरी डोळे भरतात.

पोचेराचा धबधबा इथून फार लांब नाही. तो उंचीला कमी पण रुंद आहे. तिथं अर्धा तासच थांबलो, कारण निर्मलला उजेडात पोचायचं होतं.

निर्मलची लाकडी खेळणी नावाजलेली आहेत. पोनिकी नावाचं फार हलकं लाकूड ती माणसं वापरतात. एका कारागिराच्या घरी ओसरीवर बसून आम्ही काम पाहिलं. त्याच्या हातात आंब्याएवढा ठोकळा होता. चार-सहा वेळा तासणी चालवली आणि पोपटाची पाठ दिसायला लागली. चोच वेगळी कोरलेली होती. चिंचोके शिजवून वाटलेली खळ आणि लाकडाचा भुसा कालवून त्यानं ती जोडली, सांध्यावर तोच लगदा बोटानं सारवला आणि पोपट वाळत ठेवला. रंग उद्या, म्हणाला. आमच्या मुलीनं लाकडी सीताफळ घेतलं. हातात घेतलं तर वजनच नाही. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ओसरीवर मात्र कारागीर म्हाताराच होता.

मंगळवार : निर्मल ते हैदराबाद

निर्मलच्या पुढे सोन या गावाजवळ गोदावरीचा पूल आहे. वरच्या बाजूला पोचमपाडचं श्रीरामसागर धरण, म्हणून पात्र प्रचंड. नाशिक, पैठण, नांदेड करत आलेली ही गंगा. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि पुलाच्या अलीकडून हात जोडले. बासरचं सरस्वतीचं मंदिर याच गोदाकाठी आहे, लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला तिथं नेतात. ते वाटेपासून बाजूला पडत होतं आणि आमची पोरगी सातवीत गेली आहे, म्हणून ते सोडलं.

या दिवसाचा प्रवास मला सहलीतला सर्वांत शिकवणारा वाटला, आणि पाहण्याची जागा एकही नव्हती. खिडकीतून माती बदलताना दिसते. गोदावरीच्या पलीकडे काळी माती मागे पडत जाते. आर्मूरजवळ एकाएकी दगडांचे डोंगर उभे राहतात, घरांएवढे गोटे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. तिथल्या एका डोंगरावर नवनाथांचं ठाणं आहे. मग जमीन लाल होते. पऱ्हाटी कमी होऊन हळद, मका आणि धान लागतं. बांधावर बाभळीऐवजी ताडाची झाडं आणि ताडाला बांधलेली मडकी. आपला काळा खडक ज्वालामुखीच्या रसाचा, इकडचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना. म्हणून इथल्या राजांनी गावोगाव तळी बांधली, कारण लाल माती पाणी धरत नाही. काळी माती पावसाचं पाणी पोटात ठेवते, हे आम्हाला कधी वेगळं जाणवत नाही.

दुपारी रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या लागल्या. घ्या, पण गाडीत ऊन लागू देऊ नका, संध्याकाळपर्यंत फुटतात.

हैदराबादेत शिरायला दीड तास गेला. नामपल्लीकडे खोली घेतली होती, तिथून मेट्रो जवळ. संध्याकाळी हुसेनसागरावर गेलो. कुतुबशाहीत सोळाव्या शतकात बांधलेलं तळं, मधे बुद्धाची एकाच दगडातली १८ मीटर उंच मूर्ती. १९९०मध्ये तराफ्यावरून नेताना ती पाण्यात बुडाली, जीवही गेले. दोन वर्षांनी, १९९२मध्ये ती बाहेर काढून उभी केली. काठावर बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा आहे, १४ एप्रिल २०२३ला अनावरण झालेला. शिल्पकार आपले धुळ्याकडचे राम सुतार. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारा आमचा चालक तिथं पायताण काढून बराच वेळ उभा राहिला. आम्हीही घाई केली नाही.

बुधवार : गोवळकोंडा

किल्ला सकाळी उघडला की लगेच चढावा, दहानंतर दगड तापतात. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. मुलगी आणि हे पुढे चढून गेले, मी खालून टाळी दिली. थोड्या वेळानं वरून हिचा फोन, "आई, आली आली!" साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंनी खाली राजवाड्याच्या सावलीत बसून पाहिलं तेवढं पाहिलं.

चढताना रामदासाची कोठडी लागते. हे समर्थ नव्हेत, भद्राचलमचं राममंदिर बांधणारे तहसीलदार कंचर्ल गोपन्ना. सरकारी वसुलीचा पैसा मंदिराला लावला म्हणून तानाशहानं त्यांना इथं डांबलं होतं. कोठडीच्या भिंतीवर राम, सीता, लक्ष्मण कोरलेले आहेत. याच तानाशहाला, म्हणजे अबुल हसन कुतुबशहाला भेटायला १६७७मध्ये शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला आले होते, दक्षिणेच्या स्वारीवर जाताना. आणि दहा वर्षांनी औरंगजेबानं आठ महिने वेढा घालून हा किल्ला घेतला, तोही फितुरीनं. तानाशहाला दौलताबादेत कैदेत ठेवलं, तिथंच तो वारला. वर उभं राहिलं की एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती दिसतात.

कुतुबशाही घुमट जवळच आहेत. झाडं चांगली वाढवली आहेत, दुपार तिथं काढली. जेवायला आंध्र थाळी घेतली. त्यात आली अंबाडीची चटणी, तिकडे तिला गोंगुरा म्हणतात. सासूबाई हॉटेलात कमी जेवतात, पण ती चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि तेल जास्त आहे हेही सांगितलं. बिर्याणी बाकीच्यांनी रात्री खाल्ली.

गुरुवार : सालारजंग, चारमिनार, हनमकोंडा

मेट्रो चारमिनारपर्यंत जात नाही. एमजीबीएस स्थानकावर उतरून ऑटो करायचा. चारमिनार सकाळी सातला पाहिला तर रस्ता रिकामा मिळतो आणि १५९१चं हे बांधकाम मान वर करून नीट पाहता येतं. नंतर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या तापवून मनगटाच्या मापाच्या करून देतात.

दहाला सालारजंगमध्ये. बुरख्याआडचा चेहरा दाखवणारी संगमरवरी रिबेका सगळे पाहतात. बेंझोनी या शिल्पकारानं दगडातून पातळ पडदा कसा काढला हे कळत नाही. बाराच्या ठोक्याला घड्याळातला माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो, त्यासाठी अर्धा तास आधी जागा धरावी लागते. पण माझं मन अडकलं ते पहिल्या सालारजंगांच्या चित्रापाशी. बहुतेक वस्तू जमवणारे तिसरे सालारजंग, त्यांचे नातू. पहिले मात्र १८५३ साली निजामाचे दिवाण झाले, आणि त्याच वर्षी निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. आमचा यवतमाळ त्यातच गेला. ते वऱ्हाड परत मिळावं म्हणून हा माणूस पुढची कित्येक वर्षं इंग्रजांशी भांडला. मिळालं नाही. १९०२मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं गेलं, आणि तरी १९३६नंतर निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब होता. आमच्या जमिनीचा सारा ज्यांच्यासाठी एवढ्या वाटाघाटींचा विषय होता, त्यांची भांडीकुंडी, तलवारी, हस्तिदंती खुर्च्या इथं मांडलेल्या आहेत. आपल्याकडच्या शाळांनी पोरांना इथं आणून हे सांगायला हवं.

दीडला निघालो. वाटेत भोनगीरचा एकाच अखंड खडकाचा किल्ला गाडीतूनच पाहिला. पाचला हनमकोंडा.

त्या दिवशी अमावस्या, बतुकम्माचा, म्हणजे तेलंगणातल्या बायकांच्या फुलांच्या सणाचा पहिला दिवस. हजार खांबांच्या मंदिरापाशी, जे काकतीय घराण्यातल्या राजा रुद्रदेवानं ११६३मध्ये बांधलं, बायकांची रीघ लागली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर परात आणि परातीत फुलांचा निमुळता मनोरा. खाली पिवळी तरवडाची फुलं, वर जांभळट-पांढरे कुर्डूचे तुरे, मग झेंडू, सगळ्यात वर हळदीची गौरी. ही सगळी रानची फुलं. तरवड आणि कुर्डू आमच्या धुऱ्यावरही उगवतं आणि आम्ही ते निंदून फेकतो. परात मधे ठेवून बायका भोवती फेर धरतात, वाकून टाळी देतात आणि गातात. आमच्या मुलीची भुलाबाई घरी बसलेली होती, गाणी ओठांवरच. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग एका आजीनं तिला हाताला धरून फेरात घेतलं. गाणं कळत नव्हतं, टाळी मात्र दोन फेऱ्यांत बसली. हैदराबादेत इतकं पाहिलं, पण परत आल्यावर ती मैत्रिणींना सांगते ते हेच.

तुमची सहल या दिवसांत बसवता आली तर जरूर बसवा. अमावस्येपासून अष्टमीपर्यंत नऊ दिवस हा सण चालतो.

शुक्रवार : रामप्पा आणि लकनावरम

वरंगलच्या किल्ल्यातली दगडी तोरणं सकाळी पाहून मुलुगूच्या रस्त्याला लागलो. पालमपेटचं रामप्पा मंदिर १२१३मधलं, काकतीय गणपतीदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र यानं बांधवलेलं. नाव मात्र देवाचं नाही, राजाचं नाही, रामप्पा नावाच्या शिल्पकाराचं लागलं आहे. २०२१मध्ये ते जागतिक वारशात गेलं. पायाखाली वाळू भरली आहे, त्यामुळे जमीन हलली तरी इमारत तगते. शिखराच्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. भिंती तांबूस वालुकाश्माच्या आणि छताखाली तिरप्या उभ्या काळ्या दगडातल्या मदनिका, आरशासारख्या घोटलेल्या. खांबावरच्या नक्षीत सुईएवढी भोकं आहेत. वाटाड्यानं त्यांतून दोरा ओवून दाखवला. लोखंडाच्या छिन्नीनं हे कसं केलं असेल, यावर ह्यांची आणि चालकाची दुपारपर्यंत चर्चा चालली होती.

लकनावरम तळंही काकतीयांच्याच काळातलं. तीन बाजूंनी डोंगर, मधे बेटं आणि बेटांना जोडणारे झुलते पूल. सुट्टीमुळे दुपारी गर्दी होती, साडेपाचनंतर गेली. याच पाण्यावर खालची भातशेती आजही होते. आठशे वर्षांपूर्वीचं तळं कामात आहे, ही गोष्ट पाण्यासाठी तरसणाऱ्या आपल्या भागातल्या माणसानं जवळून पाहावी. बांधाची जागा डोंगराच्या खिंडीत अशी निवडली आहे की थोड्या भिंतीत एवढं पाणी अडलं. इकडे हिंदी फारशी चालत नाही. जेवण सांगायला बोटांनी खुणा कराव्या लागल्या.

शनिवार : काळेश्वरमार्गे परत

पहाटे निघून काळेश्वर गाठलं. मुक्तेश्वराच्या गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक महादेवाचं, एक यमाचं. खाली घाटावर प्राणहिता आणि गोदावरीचा संगम. दोन रंगांचं पाणी बरंच अंतर वेगळं वाहतं. सोमवारी ओलांडलेली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती इथं येते. यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, जवळजवळ अख्ख्या पूर्व विदर्भाचं पाणी त्या घाटावर एका ओंजळीत येतं. सासूबाईंनी बाटली भरून घेतली.

गोदावरीचा पूल ओलांडला की सिरोंचा, म्हणजे महाराष्ट्र. तिथून आलापल्लीचा जंगलरस्ता आहे, पण लांब आणि खराब, म्हणून प्राणहितेच्या पुलावरून पुन्हा तेलंगणात चेन्नूर, मंचेरियाल, असिफाबाद असं आलो. असिफाबाद जिल्ह्याला आता गोंड पुढारी कोमरम भीमांचं नाव आहे. जल, जंगल, जमीन ही त्यांची मागणी, निजामाच्या राजवटीशी लढताना १९४०मध्ये जोडेघाटला ते पडले. जोडेघाट रस्त्यापासून आत आहे, दिवस मावळायला आला होता, जाता आलं नाही. राजुऱ्याला चहा घेतला. राजुराही १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं, आदिलाबाद जिल्ह्यात.

चहा पिताना पुढचं ठरलं. पौष अमावस्येला आदिलाबादकडे केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाचे गोंड लोक गोदावरीचं पाणी पायी आणतात आणि मग पूजा सुरू होते. आमच्या गावातली मेश्राम मंडळी तिकडे जातात, आम्ही कधी गेलो नव्हतो. तोवर कापसाचे दोन वेचे झालेले असतील. जोडेघाट त्याच बाजूला आहे, म्हणजे दोन्ही एका खेपेत होतील. "त्या टायमाले मी पुढच्या सीटवर बसन," सासूबाई म्हणाल्या, आणि चालकानं तिथंच तारीख लिहून घेतली.